तरुणांचे पुढारीपण आणि वडिलांचे कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात पालक, धर्मशिक्षक व पाळकीय मंडळाचे सभासद ह्यांच्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी मागे वळून पाहावे, ही रीतच आहे. ज्यांनी वसईच्या ह्या किनाऱ्यावर, वाळूमिश्रित मातीत, आपल्या मंदिराचा पाया घातला. ज्यांनी केळी, पाने व फुले विकून आलेल्या पैशांतून विटा आणल्या. त्या वाडवडिलांचे कृतज्ञतेने स्मरण करणे हे आपले पहिले कर्तव्य होय. तथापि ज्या समाजाची नजर केवळ मागेच खिळलेली असते, त्याचा महोत्सव हा उत्सव नसून पुण्यतिथी समजावी. म्हणून मंडळाने आजच्या सभेसाठी जो विषय मला नेमून दिला, तो मला मनापासून आवडला. विषय असा की, आपली चौदा ते अठरा वर्षांची मुलेमुली गावच्या पाण्याच्या, कचऱ्याच्या, झाडामाडांच्या व शेजारधर्माच्या कामी पुढारी कशी होतील, आणि त्यासाठी आपण वडीलधाऱ्यांनी काय करावे.

विषय आवडला खरा; परंतु बोलण्यास उभे राहताना मला संकोचही वाटतो. उपदेश करण्याआधी मला एक कबुली द्यावयाची आहे. धर्मगुरू नेहमी दुसऱ्यांचे पापनिवेदन ऐकत असतो; आज तुम्ही माझे ऐकावे.

महोत्सवाच्या तयारीस दोन वर्षांपूर्वी आरंभ झाला, तेव्हा पहिलीच अडचण पुढे आली ती मोटारगाड्या ठेवण्याच्या जागेची. मंदिराच्या उत्तरेस, दफनभूमीच्या कुंपणालगत, आपले एक बावखल आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ५ गुंठे. कित्येक वर्षे त्यातील गाळ काढला नव्हता. पाण्यावर जलपर्णी माजली होती, काठावर प्लास्टिकच्या पिशव्या साचल्या होत्या, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला डास आपल्याआधी हजर असत. कोणी सुचविले की, हे बावखल भरावाने बुजवून तेथे वाहनतळ करावा. सूचना सोयीची होती. भराव फुकट मिळणार होता, म्हणून तर ती आम्हांस देवाची कृपाच वाटली. मंडळाने ठराव केला व मी त्यावर सही केली.

त्याच सुमारास मी दृढीकरणाच्या वर्गातील मुलांना एक काम सांगितले होते. आपल्या धर्मग्रामात जितकी बावखले व जुन्या विहिरी आहेत किंवा होत्या, त्यांची यादी करून आणा, म्हणजे ती स्मरणिकेत छापता येईल. खरे सांगावयाचे तर मुलांना काहीतरी उद्योग असावा, इतकाच माझा हेतू होता. सात मुली व पाच मुलगे ह्या कामास लागले. दोन महिने ती घरोघर हिंडली. आजोबाआजींच्या पायाशी बसून त्यांनी ज्या बावखलांची नावे मिळविली, त्यांतील कित्येक मीही पूर्वी ऐकली नव्हती. यादीत त्यांनी रकाने पाडले होते: नाव, जागा, मालकी, पूर्वीचा उपयोग, आजची स्थिती, आणि शेवटी, पुढे काय. अर्ध्याहून अधिक नावांपुढे आजची स्थिती ह्या रकान्यात एकच शब्द होता, ‘बुजले’. आणि शेवटच्या पानावर आपल्या मंदिराच्या बावखलासमोर, शेवटच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: ‘बुजविण्याचे ठरले आहे. ठरविणारे: प्रमुख धर्मगुरू व मंडळ.’

ते वाचून मला राग आला. मी म्हणालो, “तुम्हांला यादी करावयास सांगितले होते, न्यायनिवाडा करावयास नव्हे. दहावीचे वर्ष तोंडावर आले आहे. अभ्यासाकडे लक्ष द्या.” मुले निमूटपणे निघाली. दाराशी पोहोचल्यावर नववीतील एक मुलगी मागे वळून म्हणाली, “फादर, आम्ही जे आहे तेच लिहिले. खोटे असेल तर सांगा, खोडून टाकतो.” खोडण्यासारखे त्यात काहीच नव्हते.

बंधुभगिनींनो, मुलांच्या पुढारीपणाविषयी मी अनेक व्यासपीठांवरून बोललो आहे. ‘मुले म्हणजे उद्याचे नागरिक’ हे वाक्य तर मी किती वेळा उच्चारले असेन, त्याची गणती नाही. त्या दिवशी मला कळून आले की, त्या वाक्यातील ‘उद्याचे’ हा शब्द आपल्याला फार सोयीचा असतो. मुलांना उद्याचे म्हटले की आज त्यांचे ऐकण्याचे कारण उरत नाही.

पुढल्या आठवड्यात प्रवचनाच्या तयारीसाठी मी पवित्र शास्त्र उघडले, तो बाल शमुवेलाच्या पाचारणाचा भाग समोर आला. ही कथा आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील लहान मुलांनाही पाठ आहे. शिलो येथील मंदिरात रात्री शमुवेलास हाक ऐकू येते. तो उठून वृद्ध याजक एली ह्याच्याकडे धावतो. एली त्यास दोनदा परत पाठवितो. तिसऱ्या खेपेस त्या वृद्धास उमगते की हाक मारणारा परमेश्वर आहे, आणि काय उत्तर द्यावे हे तो मुलास शिकवितो. आपण कथा बहुधा येथेच थांबवितो. परंतु तिचा उत्तरार्ध अधिक कठोर आहे. परमेश्वराने त्या मुलाच्या हाती दिलेला पहिलाच निरोप खुद्द एलीच्या घराण्याविरुद्ध होता. मुलगा सकाळपर्यंत भीतीने गप्प पडून राहिला. तेव्हा एलीने त्यास जवळ बोलावून निक्षून सांगितले की, माझ्यापासून एक शब्दही लपवू नकोस. आणि सर्व ऐकून घेतल्यावर त्याने परमेश्वराच्या इच्छेपुढे मान लवविली. एलीच्या हातून आयुष्यात अनेक चुका झाल्या. स्वतःच्या मुलांस त्याने आवर घातला नाही. परंतु त्या सकाळी मात्र तो थोर ठरला. मी एलीहून उणा ठरलो होतो. त्याने मुलास बोलते केले; मी बोलत्या मुलांस गप्प केले.

मी मुलांची क्षमा मागितली व त्यांना मंडळाच्या पुढल्या सभेस बोलाविले. तेथे काय घडले ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्याच मुलीने फळ्यावर त्रैराशिक मांडले. १ गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. ५ गुंठे म्हणजे सुमारे ५०० चौरस मीटर. आपल्या भागात पावसाळ्यात साधारण २ मीटर पाऊस पडतो असे धरले, तर त्या बावखलात नुसते आभाळातून पडणारे पाणीच १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर. आजूबाजूचे वाहून येणारे पाणी वेगळेच. मग तिने विचारले, “१०,००० लिटरचा एक टँकर धरला, तर हे १०० टँकर होतात. बावखल बुजविल्यावर हे पाणी कोठे जाईल?” सभेत कोणी उत्तर दिले नाही, कारण उत्तर सर्वांस ठाऊक होते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, रेल्वे बंद पडली, घरोघरी वीज गेली, ते दिवस कोण विसरला आहे? ज्या पाण्यास आपण खाली जागा ठेवीत नाही, ते आपल्या ओट्यावर येते.

मंडळाने ठराव मागे घेतला. मी आपली सही खोडली.

आता ह्या एका प्रसंगावरून मला जे शिकावयास मिळाले, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, मुलांना खरे काम द्यावे. एखाद्या रविवारी मिस्सानंतर हाती झाडू द्यावा, छायाचित्र काढावे आणि सरबत देऊन घरी पाठवावे, ह्यात काही वाईट नाही. परंतु त्यातून पुढारी निपजत नाहीत. केर काढणे हे काम खरे. पण तो केर कोठून येतो व कोणामुळे येतो, हे विचारण्याची मुभा जेथे नाही, तेथे मुलगा झाडूवाला होतो, पुढारी होत नाही. आणि झाडूवाला तरी मनापासून होतो काय? ज्या कामात निर्णय मुलांचा नाही, त्या कामातून मुले हळूहळू अंग काढून घेतात; मग आपण म्हणतो, आजच्या पिढीला कशाचीच आवड नाही. बावखलाचा गाळ काढण्यासाठी मंडळाने मुलांच्या हाती १०,००० रुपये दिले व हिशेब त्यांच्यावर सोपविला. शेवटी हिशेबात ३४० रुपयांची तफावत निघाली. ती आम्ही कोणी शोधली नाही; त्यांनीच शोधली, दोन रात्री जागून कारण धुंडाळले, आणि पावती हरविल्याचे सभेत उभे राहून सांगितले. त्या ३४० रुपयांत त्यांना जे शिक्षण मिळाले, ते इतक्या स्वस्तात कोणत्या विद्यालयात मिळणार?

दुसरी गोष्ट, मुलांना मोजावयास शिकवावे. पुढाऱ्याचा आवाज मोठा असावा, असा आपल्याकडे समज आहे. मी म्हणतो, पुढाऱ्याची वही मोठी असावी. आपल्या मुलांनी गाठी मारलेला दोर घेऊन महिन्याच्या पहिल्या शनिवारी ठरावीक विहिरींची पातळी मोजण्याचा नेम धरला आहे. त्याबरोबर टीडीएस मीटर नावाचे लहानसे उपकरण पाण्यात बुडवून त्यातील क्षारांचे प्रमाणही ती लिहून ठेवतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात हे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट. दुसरे पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. ह्या आकड्यांचे आपल्या किनाऱ्यावर विशेष महत्त्व आहे. आपल्या पायाखालचे गोडे पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाने हलके. वाळूच्या जमिनीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ फूट वर असेल, तर खाली ढोबळमानाने ४० फूट गोडे पाणी सापडते. आणि वरची पातळी १ फूट उतरली, तर खालून खारे पाणी कालांतराने तितक्याच प्रमाणात वर सरकते. बावखले वरून पाणी मुरवितात. पंप खालून उपसतात. ह्या दोहोंचा तोल बिघडला की केळीच्या पानांच्या कडा करपू लागतात. हे मुलांना पुस्तकातून सांगितले तर ती विसरतील. परंतु आपल्याच वहीत आकडा चढताना ज्याने पाहिला, तो आयुष्यात विसरणार नाही.

२००६ साली वयाच्या १५ व्या वर्षी निवर्तलेला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदास पोहोचलेला कार्लो अकुटिस ह्याचे चित्र आपल्या मुलांच्या खोलीत असते. त्याने केले काय? पवित्र ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची माहिती चिकाटीने गोळा केली व संगणकाच्या साहाय्याने ती जगापुढे मांडली. नीट केलेली नोंद हीदेखील भक्ती असू शकते, हे त्या मुलाने दाखविले.

तिसरी गोष्ट, मुलांना म्हाताऱ्यांकडे पाठवावे. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाची कथा आहे. त्याचा पिता अब्राहाम ह्याने खणविलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या, आणि आपल्या पित्याने त्यांना जी नावे दिली होती, तीच पुन्हा दिली. किती मार्मिक गोष्ट आहे! नाव राहिले म्हणून विहीर सापडली. आपल्या बावखलांचेही तसेच. घर बांधताना जोत्याच्या भरावासाठी माती काढली, त्या खड्ड्यात पाणी साठले, त्यावर रहाट बसला, वाडी शिंपली गेली, कपडे धुतले गेले, मासळी धरली गेली; म्हणजे एका खड्ड्यावर सारे घर चालले. ही विद्या ज्यांच्याजवळ आहे ती माणसे आता काठी टेकीत चालतात. एका आजींनी आमच्या मुलांना सांगितले की, मंदिराच्या बावखलास दक्षिणेकडून पाणी येण्याचा एक पाट होता. मुलांनी उकरून पाहिले, तर विटांच्या तुकड्यांखाली तो पाट निघाला. आजी म्हणाल्या, “पन्नास वर्षांत मला हे कोणी विचारलेच नाही.” मुलगा पुढारी होऊ लागला याची खूण मला विचाराल तर ही: तो बोलण्याआधी विचारू लागतो.

चौथी गोष्ट, कागद व कायदा ह्यांची भीती मोडावी. शासनाचे कार्यालय म्हटले की आपल्यातील मोठ्यांचेही पाय जड होतात. मुलांना सातबाऱ्याचा उतारा वाचता यावा, गावनकाशा पाहता यावा, अर्ज कसा लिहितात व पोच कशी मागतात हे कळावे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने नागरिकास काय विचारता येते, हे त्यांना ठाऊक असावे. आपल्या राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये तळी, नद्या, वने व वन्य जीव ह्यांसह निसर्गाचे रक्षण करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. त्यात वयाची अट घातलेली नाही. गावच्या सामाईक जमिनी व तळी बळकावली गेली असल्यास ती मोकळी करावीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी दिला. तो निर्णय पंजाबातील एका तळ्यावरून झाला, परंतु सर्व राज्यांस लागू आहे. मात्र मुलांना हेही कळावे की, सामाईक तळे वेगळे आणि खाजगी मालकीचे बावखल वेगळे. जेथे मालक आपला शेजारी आहे, तेथे कायद्याआधी त्याच्या ओटीवर जाऊन बसावे लागते.

पाचवी गोष्ट फार जबाबदारीची आहे, म्हणून सावकाश सांगतो. मुलांना पुढे करावे, परंतु संकटापुढे करू नये. पाण्याच्या व जमिनीच्या व्यवहारात पैसा गुंतलेला असतो. जेथे पैसा, तेथे धमकी यावयास वेळ लागत नाही. भरावाची गाडी अडविण्यास पंधरा वर्षांच्या मुलास धाडणे हे पुढारीपणाचे शिक्षण नव्हे. तो आपला भित्रेपणा होय. अर्जावर सही वडिलांची असावी. कार्यालयात बरोबर पालक असावेत. खोल पाण्याच्या काठी पोहता येणारे दोघे मोठे हजर असल्याखेरीज एकही मूल उतरता कामा नये. आणि मुलांची नावे व छायाचित्रे जेथेतेथे प्रसिद्ध करू नयेत. विचार मुलांचा, शब्द मुलांचे, खांदा मात्र आपला, अशी वाटणी असावी.

आपल्या वसईत अशा खांद्यांची परंपरा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, शेतीवाड्यांवर इमारतींचे संकट आले व विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जे आंदोलन उभारले, ते आपल्यातील पन्नाशीच्या लोकांस आठवत असेल. मीही त्या काळी तरुण होतो. २५ जुलै २०२४ रोजी फादर दिब्रिटो देवाघरी गेले. त्यांच्या अंत्यविधीस आपण गेलो, डोळे पुसले. परंतु त्यांचे खरे स्मारक उभारावयाचे असेल, तर ते दगडाचे नसावे. प्रश्न विचारणारा एक तरी मुलगा किंवा मुलगी प्रत्येक गावी असावी.

आता अपयशाची गोष्ट सांगतो, कारण यशाच्याच कथा सांगितल्या तर त्या सांगणाऱ्याच्या मोठेपणाच्या होतात. मुलांनी यादीतील दुसरे एक बावखल वाचविण्याचा प्रयत्न केला. ते खाजगी होते; वाटेकरी अनेक, त्यांतील काही परगावी. मुले प्रत्येकाकडे गेली. काहींनी ऐकून घेतले, काहींनी नाही. एका कुटुंबाने सांगितले की, मुलीच्या उच्च शिक्षणासाठी पैसा हवा आहे, आणि ह्या पाण्यातून तो येत नाही. ह्यास आमच्या मुलांजवळ उत्तर नव्हते, माझ्याजवळही नव्हते. पावसाळ्याआधी ते बावखल बुजले. बारांपैकी दोघे मुलगे त्यानंतर येईनासे झाले. त्यांतील एकास मी भेटलो. तो म्हणाला, “फादर, शेवटी मोठ्यांच्या मनातच असेल ते होते.”

ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही, आणि तुमच्याही जाऊ नये. त्या बावखलाच्या बुजण्याने जितके पाणी गेले, त्याहून अधिक काहीतरी त्या मुलाच्या मनातून गेले. त्याला मी हरण्याची तयारी करून दिली नव्हती. हरल्यावर सर्वांनी एकत्र बसावयास हवे होते: काय चुकले, काय आपल्या हातचे नव्हते, त्या कुटुंबाची अडचण आपण आधी का जाणून घेतली नाही, त्या मुलीच्या शिक्षणास धर्मग्राम काही साहाय्य करू शकला असता काय? आम्ही बसलो नाही. लाजेने विषयच टाळला. मुलांच्या विजयात टाळ्या वाजविणारे पुष्कळ मिळतात. पराजयात शेजारी बसणारा एक हवा असतो. तो एक आपण व्हावे. तो मुलगा अद्याप परत आलेला नाही. मी दर महिन्यास त्याच्या घरी जातो. आम्ही फुटबॉलविषयी बोलतो. परत येईल अशी माझी आशा आहे; परंतु मी त्यास आग्रह करीत नाही.

सहावी व शेवटची गोष्ट. आपल्या मुलांचे पुढारीपण आपल्याच मुलांपुरते असू नये. पाण्यास जात नाही व धर्म नाही. आपल्या विहिरीतून जो झरा वाहतो, तोच रस्त्यापलीकडच्या चाळीतील भाडेकऱ्यांच्या, कोळीवाड्यातील, आदिवासी पाड्यावरील घरांच्या खाली वाहतो. आमच्या यादीत पहिल्याप्रथम पलीकडच्या वस्तीतील एकही विहीर नव्हती. एका मुलानेच ती उणीव दाखविली. तेव्हापासून तेथील चार मुले ह्या मंडळीत आहेत. त्यांतील दोघांची पातळीची वही सर्वांत व्यवस्थित असते. तसेच मुलींविषयी. सभेत मुलींनी चहा द्यावा व मुलांनी बोलावे, ही रीत आपल्या अनेक घरांत अजून आहे. ती येथे चालणार नाही. ज्या मुलीने आमचा ठराव फिरविला, तिला जर त्या दिवशी चहाच्या तबकामागे उभे केले असते, तर आज तुमच्या गाड्या दहा लाख लिटर पाण्याच्या जागेवर उभ्या असत्या.

कोणी म्हणेल, मुलांचे असे ऐकावे हे आपल्या परंपरेत बसते काय? बसते; पुष्कळ जुन्या काळापासून बसते. संत बेनेडिक्ट ह्यांनी सहाव्या शतकात आपल्या मठांसाठी जे नियम लिहिले, त्यांच्या तिसऱ्या प्रकरणात त्यांनी सांगून ठेवले आहे की, महत्त्वाच्या कामी सर्व बंधूंस सल्ल्यास बोलवावे, कारण जे अधिक हितकर ते प्रभू पुष्कळदा वयाने लहान असलेल्यासच प्रकट करतो. २०१५ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी ‘लाऊदातो सी’ ह्या परिपत्रकात पृथ्वीस आपले सामाईक घर म्हटले, आणि तरुण पिढी बदलाची मागणी करीत आहे ह्याकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले. तेव्हा मुलांचे ऐकणे हे आजकालचे खूळ नव्हे. ते ख्रिस्तसभेचे जुने शहाणपण आहे, आपणच ते बावखलासारखे बुजविले होते.

आता तुमची तक्रार मला ठाऊक आहे. महोत्सवाच्या मिस्सास येताना गाड्या शाळेच्या मैदानात ठेवाव्या लागतील व तेथून चालत यावे लागेल. होय, लागेल. वृद्ध व आजारी मंडळींस दारापर्यंत आणण्याची व्यवस्था मुलांनी केली आहे; वाटेवर कंदील धरून तीच उभी राहणार आहेत. बाकीच्यांनी चालावे. चालताना डाव्या हातास ते बावखल दिसेल. गाळ निघाला आहे, पाणी अजून गढूळ आहे, काठावर लावलेल्या रोपांपैकी काही मेली आहेत. परंतु गेल्या महिन्यात तेथे खंड्या येऊन बसलेला मी पाहिला, आणि दफनभूमीच्या भिंतीपलीकडील विहिरीचे पाणी ह्या वैशाखात आटले नाही. हे बावखलामुळेच झाले, असे मी म्हणणार नाही. मुलांनी मला बजावले आहे की, तीन वर्षांचे आकडे हाती आल्याखेरीज तसे म्हणावयाचे नाही.

असो. पालकांनो, धर्मशिक्षकांनो, तुमच्याजवळ माझे मागणे मोठे नाही. आज घरी गेल्यावर आपल्या मुलास किंवा मुलीस एकच प्रश्न विचारा: आपल्या घरात, आपल्या वाडीत, आपल्या धर्मग्रामात तुला काय चुकीचे दिसते? विचारल्यावर गप्प बसा. उत्तर तुमच्याच विरुद्ध आले तर रागावू नका. रागावलात, तर दुसऱ्या दिवशी क्षमा मागा. मला ते साधण्यास आठवडा लागला. तुम्हांस कमी लागो.

शमुवेलास हाक परमेश्वराने मारली होती. परंतु ती कोणाची हाक आहे, हे ओळखावयास त्यास एका म्हाताऱ्याने शिकविले. आपल्या मुलांना हाक ऐकू येत आहे. ती रात्री आपल्या दारी धावत येतील तेव्हा आपण त्यांस परत झोपावयास न पाठविता, हाक मारणारा कोण हे सांगावे, आणि सकाळी त्यांनी आणलेला निरोप पूर्ण ऐकून घेण्याचे धैर्य परमपित्याने आपणां सर्वांस द्यावे, हीच ह्या सुवर्णमहोत्सवी वर्षी माझी प्रार्थना. पवित्र मरिया, आपल्या बारा वर्षांच्या पुत्रास मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारताना जिने पाहिले, ती आपणां सर्व मातापित्यांसाठी विनंती करो.